पटवारीभाऊंचा बिस्मार्क

शिरपूर जैनच्या शिवारात सोयाबीन पेरलं की पाचव्या-सहाव्या दिवशी माणूस धुऱ्यावरून वाकून तास न्याहाळतो. आठव्या दिवशी तो बियाण्याची रिकामी पिशवी आणि पावती शोधायला लागतो. दहाव्या दिवशी चार माणसं घेऊन कृषी केंद्राच्या ओट्यावर उभा असतो. 2020 च्या खरिपात न उगवलेल्या सोयाबीनच्या तक्रारी राज्यभरातून गेल्या होत्या. ते वर्ष अजून कोणी विसरलेलं नाही. अशा गावात एक गृहस्थ बी पेरतात, चार-चार महिने त्या मातीतून गवताची काडीही वर येत नाही, आणि ते रोज सकाळी तिथे प्लॅस्टिकची खुर्ची टाकून चहा पितात, वहीत ‘स्थिती पूर्ववत’ असं लिहितात आणि तृप्त होऊन उठतात.

हे आमचे पटवारीभाऊ. सरकारने आता तलाठ्याला ग्राम महसूल अधिकारी केलं आहे, पण आमच्याकडे तलाठी हा शब्दसुद्धा कधी कागदावरून तोंडात आला नाही. पटवारी तो पटवारीच, आणि निवृत्त झाला तरी पटवारीच. खिशाला दोन पेनं, एक निळं, एक लाल. चष्मा दोरीला. काखेत वही, आणि ती वही लाल रुमालात बांधलेली, कारण उघडी वही म्हणजे उघडा माणूस, असं त्यांचं मत आहे. कोणी काहीही विचारलं तरी पहिलं उत्तर ‘पाहू’ हेच. ‘जेवता का?’ याला तेच उत्तर, ‘तब्येत कशी आहे?’ यालाही तेच.

निवृत्तीनंतर माणसाची सेवेतली सवय कुठेतरी बाहेर पडते. आमच्या ओळखीचे एक मुख्याध्यापक लग्नाच्या पंगतीत रांगा सरळ करतात. भाऊंची सवय मात्र वाया जायची चिन्हं होती. एखादं प्रकरण हात न लावता महिनोन् महिने जिवंत ठेवायचं, त्याला सुकू द्यायचं नाही आणि पिकूही द्यायचं नाही, ही कला त्यांनी उभ्या सेवेत कमावलेली. घरात तिला वाव नव्हता. काकू कोणतंही प्रकरण त्याच दिवशी निकाली काढतात. मग भाऊ मुलाकडे हैदराबादला गेले आणि तिथे एका फार्महाउसच्या फाटकाशी त्यांना बिस्मार्क पाम भेटला.

ज्याने हे झाड पाहिलं नसेल त्याला सांगायला हवं. पाम ढोबळमानाने दोन तऱ्हेचे. एक नारळ-शिंदीसारखे, मधल्या काडीला दोन्ही बाजूंनी पात्या. दुसरे ताडासारखे, पान हाताच्या पंजासारखं पसरलेलं. बिस्मार्क या दुसऱ्या घरातला. पण त्याचा पंखा हिरवा नसतो, चंदेरी निळा असतो, आणि मोठ्या झाडाचं एकेक पान दहा फुटांपर्यंत जातं. भाऊंनी आधी राखणदाराला विचारलं, “याले रंग कोनं देला?” रंग नाही म्हटल्यावर त्यांनी पानावर बोट फिरवलं. बोटाला पांढुरकी भुकटी लागली. “निंगते की रंग!” ते मुलाला म्हणाले. मुलाने सांगितलं की तो मेणाचा थर आहे, उन्हापासून पान राखायला झाडानेच चढवलेला. तेव्हापासून आपल्या झाडाला कोणी बोट लावू नये म्हणून भाऊ जी दक्षता घेतात ती खऱ्या नोंदवहीलाही त्यांनी घेतली नसेल.

तयार झाड मिळत होतं. राजमहेंद्रीजवळच्या कडियमच्या रोपवाटिकांतून असे पाम ट्रकांवर आडवे पडून महाराष्ट्रभर जातात. रस्त्याच्या कडेला नवीन ‘व्हिला’ उभे राहतात तिथे ते रातोरात उगवतात. भाऊंनी ते नाकारलं. एक तर किंमत. दुसरं म्हणजे बिस्मार्कला उपटलेलं खपत नाही, मूळ तुटलं की मोठं झाडसुद्धा उभ्या उभ्या मरतं, हे त्यांना तिथल्या माळ्याने सांगितलं. आणि तिसरं, जे ते उघड बोलत नाहीत पण मला पक्कं माहीत आहे: तयार झाड म्हणजे निकाली निघालेलं प्रकरण. त्यात भाऊंना करण्यासारखं काय उरलं?

म्हणून त्यांनी पाच बिया आणल्या. अक्रोडाएवढ्या, तपकिरी, सुरकुतलेल्या. आणि एक वही घातली.

महसूल खात्याचे गाव नमुने एकवीस. भाऊंनी बाविसावा काढला. रकाने असे: बी क्रमांक, भिजत घातल्याचा दिनांक, पेरणीचा दिनांक, अंकुर, पहिलं पान, पंख्याचं पहिलं पान, लिंग, शेरा. लिंगाचा रकाना पाचही ओळींत ‘नंतर भरावे’ असा आहे, कारण बिस्मार्कची नर आणि मादी झाडं वेगळी असतात आणि कोणतं कोण ते फुलोरा येईपर्यंत कळत नाही. फुलोरा यायला दहा-बारा वर्षंही लागू शकतात. भाऊंना याचं जराही दुःख नाही. उलट ‘नंतर भरावे’ हे दोन शब्द लिहिताना त्यांचं अक्षर विशेष वळणदार येतं.

पेरणीची पद्धत त्यांनी मला इतक्या वेळा सांगितली आहे की मी ती झोपेतही म्हणू शकेन. बी ताजं हवं. गर असेल तर खरवडून काढायचा, नाहीतर बुरशी येते. दोन दिवस कोमट पाण्यात ठेवायचं, पाणी रोज बदलायचं. मग खोल भांड्यात पेरायचं, आणि ‘खोल’ म्हणताना भाऊ हात कमरेपर्यंत नेतात. कारण हे बी वर यायच्या आधी खाली जातं. बियातून एक जाड दांडी निघते, ती सरळ जमिनीत उतरते, वीतभर, कधी हातभर, आणि तिथे बूड टेकल्यावर मग तिच्यातून पान वरच्या दिशेला निघतं. आपला ताड हेच करतो. आंध्रात आणि तमिळ मुलखात ताडाचे हे जमिनीतले कोंब उकडून खातात. कुंडी उथळ असली तर दांडी तळाला आपटते, वाकते आणि रोप पहिल्याच दिवशी कुबड घेऊन जन्मतं. म्हणून भाऊंनी पाच निळे ड्रम अर्धे कापले, बुडाला भोकं पाडली, खाली विटा ठेवल्या. नाल्याची जाड रेती, पोयटा आणि थोडं जुनं कुजलेलं शेणखत भरलं, आणि एवढ्या मोठ्या प्रत्येक ड्रमच्या मधोमध एकेक बी पुरलं. मार्च होता, माती तापलेली, आणि ते बरोबरच होतं. या बियाला ऊब लागते, थंड मातीत ते कुजत पडतं.

“आता?” मी विचारलं.

“आता काईच नाई. हेच तं अवघड हाय.”

आणि खरंच तेच अवघड होतं, पण ते भाऊंना नव्हे, गावाला. येणारा-जाणारा प्रत्येकजण ड्रमात डोकावायचा. “काय पेरलं भाऊ?” “पाम.” “निंगाला?” “पाहू.” एकाने तर बोट घालून माती उकरायला घेतली. भाऊंचा आवाज मी त्या दिवशी पहिल्यांदा चढलेला ऐकला. मग त्यांनी खाली बसवून त्याला गावचीच गोष्ट सांगितली. एलिचपूरचा राजा श्रीपाल पार्श्वनाथाची मूर्ती गाडीतून नेत होता, मागे वळून पाहायचं नाही अशी अट होती, शिरपूरशी आल्यावर त्याला शंका आली, त्याने वळून पाहिलं, गाडी पुढे गेली आणि मूर्ती जागच्या जागी अधांतरी राहिली, अशी आख्यायिका. म्हणून अंतरिक्ष पार्श्वनाथ. “राजाले धीर निंगाला नाई,” भाऊ म्हणाले, “म्हणून देव भेटला आपल्याले. पन तू मातीत बोट घातलं तं माहा कोंब मोडन. देव काई भेटनार नाई.”

थांबणं या गावाला परकं नाही. मंदिराचा पंथापंथांतला वाद 1929 साली थेट लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत जाऊन आला. मूर्तीला लेप देण्यावरून 1981 पासून जे दार बंद झालं ते 2023 साली, सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयानंतर, उघडलं. मधल्या काळात जन्मलेल्या, लग्न झालेल्या, लेकुरवाळ्या झालेल्या माणसांनी देवाचं दर्शन एका खिडकीतून घेतलं. त्यात कोणाचं बरोबर आणि कोणाचं चूक हे सांगायची माझी पात्रता नाही. पण भाऊंना कोणी ‘सहा महिने झाले, अजून उगवत कसं नाही’ म्हटलं की ते नुसतं मंदिराच्या दिशेने बघतात. समोरचा गप्प होतो.

काकू मात्र गप्प होणाऱ्यातल्या नाहीत. एवढे मोठे पाच ड्रम, एवढी सुरेख माती, रोज थोडं थोडं पाणी, आणि उगवलंय काय, तर काहीच नाही. बाजारात सांबाराची जुडी उन्हाळ्यात सोन्याच्या भावाने. (आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात, मुंबईचा पाहुणा इथे सांबार मागवून इडलीची वाट बघत बसतो.) भाऊ एका लग्नाला रिसोडला गेले असताना काकूंनी तीन नंबरच्या ड्रमात धने रगडून टाकले. भाऊ परतले ते दोन-तीन दिवसांनी. तेव्हा काही दिसलं नाही. आठवड्याभराने सकाळी चहाचा कप घेऊन ते खुर्चीवर बसले आणि ड्रम हिरवा होता.

त्यांनी कप खाली ठेवला. चष्मा लावला. वही उघडली, आणि शेऱ्याच्या रकान्यात लाल पेनाने लिहिलं: ‘अतिक्रमण.’

“अतिक्रमन कायचं?” काकू म्हणाल्या. “मले वाटलं रिकामाच हाय.”

“रिकामा नाई. प्रलंबित हाय.”

“सांबार तं उगवला न! तुमचं काय उगवलं?”

भाऊंनी उपटायला हात घातला आणि थबकले. सांबार उपटताना माती हलेल, माती हलली तर खालचा कोंब हलेल. म्हणजे उपटताही येईना. काकूंना हे कळायला वेळ लागला नाही. त्या रोज त्या ड्रममधून खुडू लागल्या, रोज त्यावर पाणी शिंपडू लागल्या, आणि पंधरा दिवसांनी ‘आता वहिवाट झाली’ असं भाऊंच्याच भाषेत सांगून मोकळ्या झाल्या. भाऊंनी ‘अतिक्रमण’ खोडलं, शेजारी सही केली आणि लिहिलं: ‘आंतरपीक – सांबार.’

आणि जुलैत, पाऊस पडल्यावर, पहिला कोंब आला तो त्याच ड्रमात. सांबाराच्या वाळक्या काड्यांमधून, बी पेरलं होतं त्याच्या चार बोटं बाजूला, तांबूस जांभळ्या रंगाची एक सुई. भाऊंच्या आनंदाला एक डाग होता. बाकीच्या चार ड्रमांना त्यांनी शास्त्रोक्त पाणी दिलं होतं, आणि उगवलं ते काकूंच्या सांबारातलं. वरची माती सतत ओलसर आणि सावलीत राहिली म्हणून तसं झालं असावं, असा माझा अंदाज मी मांडला. भाऊ म्हणाले, “पाहू.” नंतर एक आणि पाच नंबरचे आले. दोन नंबरच्या ड्रमाला मुंग्या लागल्या. तिथे शेरा आहे, ‘मयत, वारस नाही.’ चार नंबरचं आजही ‘चौकशी सुरू’ आहे. दीड वर्ष होत आलं. मी एकदा म्हटलं, उकरून बघा, संपवून टाका. भाऊंनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच तहसीलमध्ये जाऊन कोणाची तक्रार केली असावी.

पहिलं पान आल्यावर गावाची निराशा झाली. पान साधं, लांबट, पट्टीसारखं. “भाऊ, हे तं मक्याचं धाट हाय,” असं पहिल्याने सांगितलं. दुसऱ्याला ते हळदीचं वाटलं. ‘फसवलं तुम्हाले हैदराबादवाल्यानं’ यावर सगळ्यांचं एकमत. पामाचं रोप पहिली काही पानं अशीच पट्टीची काढतं, चिरलेला पंखा पुढे येतो, हे भाऊंनी सांगून सोडून दिलं. शाळेतल्या पोरांनी झाडाला ‘बीस मार्क’ नाव ठेवलं आणि पुढे परीक्षेत कमी गुण पडणाऱ्यालाही तेच.

पोरांना मग एक दिवस इतिहासाचा तास मिळाला. 1881 साली जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञांनी मादागास्कर बेटावरच्या या पामाला आपल्या चॅन्सलरचं, ओटो फॉन बिस्मार्कचं नाव दिलं. पुढे 1896 मध्ये ते बेट फ्रान्सने घेतलं. म्हणजे ज्याने फ्रान्सला हरवलं त्याचं नाव फ्रेंचांच्या अंगणात. हा भाग भाऊ घाईने उरकतात. त्यांना आवडतो तो 1871 चा. “जर्मनीत लहान-लहान संस्थानं होती. याचे तुकडे, त्याचे तुकडे. बिस्मार्कनं सारी एका खात्यावर आनली. आपल्याकडे तुकडेबंदी आन् एकत्रीकरनाचा कायदा आला 1947 साली. त्यानं आधीच करून ठेवलं होतं.” इथे ते थांबतात, आणि मग खालच्या आवाजात: “आन् इथं दोन भाऊ एका सातबाऱ्यावर राहत नाईत.”

माझं आणि त्यांचं एका मुद्द्यावर कायमचं वाजलेलं आहे. माझं म्हणणं असं की पंख्याचाच पाम लावायचा होता तर ताड लावा. आपल्या देशातला, आपल्या उन्हाचा, ताडगोळे देणारा, पानाचे खरेखुरे पंखे होणारा. शिवाय ताडाच्या कुळाला या गावात मान आहे. दिगंबर जैनांच्या षट्खंडागमाची धवला टीका कर्नाटकात मूडबिद्रीला ताडपत्रांवरच टिकली, आणि ती छापून यायला लागली 1939 मध्ये, आपल्या अमरावतीहून, संपादक डॉ. हिरालाल जैन, तिथल्या किंग एडवर्ड कॉलेजातले. हे मी सांगितलं तेव्हा भाऊ एकदम ताठ झाले. म्हणजे कागद यायच्या आधीचं दफ्तर याच जातीच्या झाडावर होतं? नोंदवही झाडाला लागायची? बराच वेळ ते त्या कल्पनेत रमले. त्यांनी पट्टीच्या पानाची रुंदीही बोटांनी मोजली, चार बोटं वर धरून, न लावता.

पण ताडाला नकारच. “ताड लावला की गाव ताडगोळे मागायले येईन. मंग ताडी. मंग परवान्यासाठी उत्पादन शुल्कवाले. मंग झाडावर कोन चढला आन् पडला तं पोलीस.” त्यांनी बोटं मोजून दाखवली. “बत्तीस वर्सं लोकं मागतच होते न मले. उतारा द्या, नक्कल द्या, फेरफार घ्या. हा बिस्मार्क काईच देत नाई. खायचं फळ नाई, सावली म्हनावी तं वीस वर्सांनी. कोनी मागायले येनार नाई.”

हे बोलून त्यांनी चहा प्यायला. एवढं सरळ वाक्य मी त्यांच्या तोंडून त्याआधी ऐकलं नव्हतं, नंतरही नाही.

एक चूक त्यांच्या हिशेबात राहिली होती. झाड काही देत नसलं तरी जागा घेतं, आणि जागा आली की माणूस मागायला येतोच.

तीन नंबरला पंख्याचं पहिलं पान फुटलं तेव्हा त्याला अंगणात लावायचं ठरलं. काळ्या मातीचं आमच्याकडचं अंगण, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि पावसाळ्यात आठ-आठ दिवस पाणी धरून ठेवतं. पामाच्या मुळाला दोन्ही वाईट; भेग मूळ तोडते, साचलं पाणी कुजवतं. भाऊंनी तीन फूट लांब, तीन रुंद, तीन खोल खड्डा घेतला, निम्मा मुरूम-रेती घातली, आणि झाड आजूबाजूपेक्षा वीतभर उंचावर बसेल असा उंचवटा केला. ड्रम उभा चिरून मातीचा गड्डा न फोडता झाड उतरवलं. काकूंनी नारळ फोडला. ‘पाणी टाकू नये. आदेशावरून’ अशी पाटी लागली, कारण शिरपूरच्या माणसाला लहान झाड दिसलं की हातातल्या गडूतलं उरलेलं पाणी त्याच्या बुडात ओतल्याशिवाय राहवत नाही. पामं पाण्यावाचून मरतात त्याहून अशा भूतदयेने जास्त मरतात.

खड्डा भाऊंनी धुऱ्यापासून टेपने मोजून घेतला होता. पण पलीकडे बाप्पू राहतात. बाप्पूंच्या चार म्हशी, टिनाचा गोठा, टिनापुढे खळ्यासारखं सारवलेलं अंगण, आणि कोपऱ्यात उकिरडा. त्या अंगणात ते सोयाबीन वाळवतात, तूर वाळवतात, आणि म्हशी कधीमधी स्वतःला वाळवतात. बाप्पूंनी कोणाच्या तरी मोबाइलवर पूर्ण वाढलेल्या बिस्मार्कचा फोटो पाहिला. वीस-पंचवीस फुटांचा घेर, पन्नासेक फूट उंची. त्यांनी भिंतीवरून झाडाकडे पाहिलं. झाड गुडघ्याएवढं होतं, पंख्याचं पान एक. दुसऱ्या दिवशी बाप्पू मालेगावला गेले आणि तहसीलच्या आवारात बसणाऱ्या अर्जनवीसाकडून अर्ज टाइप करून आणला. विषय: ‘होऊ घातलेल्या सावलीबाबत हरकत.’

ग्रामपंचायतीतल्या बाबूने विचारलं, सावली कुठे आहे. बाप्पू म्हणाले, येनार हाय. बाबू म्हणाला, आल्यावर या. तेव्हा बाप्पू रागाने अर्ज घेऊन थेट भाऊंच्या दारात आले, तो त्यांच्या तोंडावर फेकायला. भाऊंनी तो दोन्ही हातांनी घेतला. वाचला. पुन्हा वाचला. त्यांच्या डोळ्यांत जे आलं ते मी नाव न देता सोडतो. एवढंच सांगतो की निवृत्तीनंतर त्यांच्याकडे कोणी लेखी अर्ज घेऊन आलं नव्हतं.

“बसा बाप्पू. अर्ज बरोबर हाय. तिकिट लावलं नाई, पन चालन. दाखल करून घेतो.”

“तुम्ही कोन दाखल करनारे? झाड तुमचं!”

“झाड माहं. दफ्तर बी माहं.” आणि त्यांनी पोच लिहून दिली.

त्यानंतरचं कामकाज मी पंच म्हणून पाहिलं आहे. स्थळपाहणी झाली, चहा झाला, पंचनामा झाला, पुन्हा चहा झाला. झाडाची उत्तर बाजू, दक्षिण बाजू, दुपारची आजची सावली (एक वीत, प्रतिवादीच्याच हद्दीत). मग भाऊंनी आपलं उत्तर दाखल केलं. बाप्पूंचा उकिरडा झाडापासून वीस पावलांवर आहे, आणि गेंड्या भुंगा शेणाच्या ढिगातच अंडी घालतो. त्याच्या अळ्या तिथे मोठ्या होतात आणि भुंगा रात्री उडून पामाचा शेंडा पोखरतो. नारळाला, ताडाला, याला, सगळ्यांना. पामाला शेंडा एकच. तो मेला की फांदी फुटणं वगैरे काही नाही, सारं झाडच गेलं. सबब उकिरडा हलवावा किंवा दर महिन्याला खालीवर करून अळ्या काढाव्यात. बाप्पू म्हणाले, “माहा उकिरडा माह्या बापाच्या वक्ताचा हाय.” भाऊंनी लिहून घेतलं: ‘वहिवाट असल्याचे म्हणणे.’ माझी खात्री आहे की ही ओळ लिहिताना त्यांना सांबार आठवला असणार.

निकाल काय लागणार, हे मी विचारलं. भाऊंनी अंतरिम आदेश काढला. झाडाची खरी वाढ कशी होते ते ठरल्याशिवाय सावलीचा अंदाज घेता येत नाही. पंख्याची सहा पानं पूर्ण उघडल्यावर पहिली सुनावणी घेण्यात येईल. तोवर उकिरड्याच्या बाबतीत जैसे थे, पण अळ्या काढणे चालू ठेवावे.

आणि इथून पुढे बाप्पूंचं कायतरी झालं. त्यांना सुनावणी हवी होती. सुनावणीसाठी सहा पानं हवी होती. पान कमी झालं की तारीख लांबणार. एकदा त्यांच्याच शेळीने तिसऱ्या पानाचं टोक कुरतडलं, तर भाऊंनी ते पान ‘अपूर्ण’ लिहिलं. बाप्पूंनी त्याच संध्याकाळी बाभळीच्या काट्या आणून झाडाला कुंपण केलं. एप्रिलात ऊन चाळिशीच्या वर गेलं तेव्हा ते दुपारी स्वतः आपला जुना गोणपाट दोन काठ्यांवर बांधून गेले. उकिरडा ते आता महिन्यातून दोनदा खालीवर करतात आणि निघालेल्या पांढऱ्या, वळलेल्या, अंगठ्याएवढ्या अळ्या डब्यात घालून भाऊंना मोजून दाखवतात. भाऊ त्याची पोच देतात. गेल्या पावसाळ्यात कोणा पाहुण्याने वाळतं खालचं पान कापायला हात घातला, तर भाऊ घरात होते, बाप्पूच भिंतीवरून ओरडले: “हात लावू नका! पालाश असते त्याच्यात. नवं पान जुन्यातून ओढून घेते. पेन्शनीत असलं म्हनून कापत असतात का?” हे सगळं भाऊंचं पाठ केलेलं होतं, पण पेन्शनचं त्यांचं स्वतःचं.

काकूंनी मध्येच एक प्रश्न टाकला होता. रात्री वीज गेली, उकाडा मी म्हणत होता, आणि भाऊ अंधारात झाडाकडे तोंड करून बसले होते. “एवढा पंखा पंखा करता, याच्यानं वारा येते का?” भाऊंनी नेहमीचं उत्तर दिलं.

परवा सकाळी साडेसहाला बाप्पू दूध काढून थेट अंगणात आले, बादली हातातच. “भाऊ! सहावं निंगालं!”

भाऊ बाहेर आले. चष्मा लावला. वाकले. झाडाच्या मधोमध, पाच चंदेरी पंख्यांच्या वर, सहावं पान उभं होतं; पण मिटलेलं, सुईसारखं, कडेला अजून तांबूस रेघ. ते बराच वेळ पाहत राहिले. बाप्पूंनी श्वास धरला होता. मी पंच म्हणून भिंतीवर होतो.

“हे पान नाई,” भाऊ म्हणाले. “ही सुई. उघडल्याबिगर नोंद होत नाई.”

“मंग कवा उघडन?”

“पाहू.” त्यांनी रुमाल सोडला, वही काढली, निळं पेन ठेवून लाल घेतलं आणि बोलत बोलत लिहिलं. “वादी हजर. प्रतिवादी हजर. पान गैरहजर. पुढील तारीख, दिवाळीनंतरचा पहिला सोमवार.”

“त्या दिवशी मी बाजाराले गेलो तं?”

“तं एकतर्फी.”

बाप्पूंनी बादली खाली ठेवली, माझ्याकडून पेन घेतलं, तारीख तळहातावर लिहून घेतली, आणि जाता जाता कुंपणाशी नाक घालून उभ्या असलेल्या आपल्याच शेळीला एक सणसणीत ढेकूळ हाणलं.